तबकडीच्या शेवटी राहिलेल्या बातम्या

अमेरिकी सैन्याच्या रेडिओच्या तबकड्या डिजिटल करायचं काम आमच्या विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहाकडे आलं, तेव्हा मला वाटलं, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बातम्या पोत्यानं सापडतील. कसल्या! आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस लॉस एंजेलिसहून जगभरच्या छावण्यांना १६ इंची तबकड्या पाठवायची, त्या प्रामुख्यानं करमणुकीच्या. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं. बॉब होप, जॅक बेनी या विनोदवीरांचे अमेरिकेतलेच कार्यक्रम, पण जाहिराती कापलेले. होपचा प्रायोजक पेप्सोडेंट. फौजेच्या प्रतीत त्या टूथपेस्टला जागा नाही. बातम्या मात्र त्या त्या केंद्रावरचा निवेदक थेट वाचायचा. वाचल्या, संपल्या.

त्या दिवशी खोक्याच्या तळाशी एक वेगळीच तबकडी निघाली. पाठवलेल्या, साच्यातून काढलेल्या प्रतींसारखी व्हिनाइलची नव्हे, ॲल्युमिनियमवर लॅकर (एक प्रकारचं रोगण) चढवलेली. म्हणजे कुणीतरी स्वतः कोरलेली. लेबलावर पेन्सिलीनं ‘बर्लिन १९४६’. वर पिठासारखा पांढरा थर. लॅकरमध्ये एरंडेल असतं (हो, आपलं तेच), ते विघटित झालं की आम्लं अशी वर येतात. हा थर आला की लॅकर कधी सोलवटेल याचा नेम नसतो, त्यामुळे तबकडी धुऊन पहिल्याच फेरीत ध्वनी उचलायचा. सुई कडेला ठेवली तर घसरली. रेकॉर्डिंग आतून सुरू होऊन बाहेर येत होतं! त्या काळी बऱ्याच तबकड्या अशा उलट्या कोरायचे. सुई लेबलाशेजारी नेली आणि बँड वाजू लागला.

बँड, एक विनोदवीर, प्रेक्षकांचा हशा. मग ‘एएफएन बर्लिन’ (अमेरिकी फौजेचं तिथलं रेडिओ केंद्र) अशी उद्घोषणा, आणि कोरणाऱ्यानं मशीन बंद न केल्यामुळे जेमतेम तीन मिनिटांच्या बातम्या. विमानांनी आणलेला कोळसा, धुकं, आणि बर्लिनच्या फ्रेंच ताब्यातल्या टेगेल विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकांना नडणारे रेडिओचे मनोरे.

मी हेडफोन काढून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. १९४६ शक्यच नव्हतं. सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते-रेल्वे अडवले आणि कोळसाही विमानानं आणावा लागला, ती नाकेबंदी जून १९४८ची. टेगेलच्या नव्या धावपट्टीवर पहिलं विमान उतरलं ५ नोव्हेंबर १९४८ला. आणि ते मनोरे होते सोव्हिएत ताब्यातल्या बर्लिन रेडिओचे. फ्रेंचांनी १६ डिसेंबरला सुरुंग लावून ते पाडले. बातम्यांत ते अजून उभे होते. म्हणजे तबकडी या सहा आठवड्यांतली. एका रेडिओच्या बातमीपत्रानं दुसऱ्या रेडिओच्या मनोऱ्यांवरून आपली तारीख सांगितली, याची मला फार गंमत वाटली.

नोंद करताना वरिष्ठांशी हुज्जत झाली. त्यांना शीर्षकात विनोदवीराचं नाव हवं होतं. लोक तेच शोधतात म्हणे. बातम्या वर घातल्याशिवाय मी काही उठले नाही. तो कार्यक्रम इतर संग्रहांत मिळेलच. आणि खरं सांगायचं तर, त्यातले विनोद १९४८मध्येही शिळेच असावेत.