पहाटेचं फिरणं का सोडलं? तुम्ही विचारलंत म्हणून

साताऱ्यात टपरीवर जो भेटतो तो हेच विचारतो, काका, पहाटे पाचला अजिंक्यताऱ्यावर दिसायचात, आता थंडीत नऊला निघता, वय झालं का? झालंय, पण कारण ते नाही.

एका डिसेंबरात अंधारात वर गेलो, उजाडल्यावर खाली बघितलं तर राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत करडी गोधडी पसरलेली, वरनं एकदम सपाट. बरोबरचे म्हणाले काय धुकं पडलंय! धुकं कसलं, धूर तो! खाली घसा खवखवत होता तो चार भिंती (चढावरचं स्मारक) मागं पडल्यावर थांबला. आणि वर थंडी कमी. चढून अंग तापलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी खिशातनं थर्मामीटर नेला (घरच्यांनी हसून घेतलं), तर वर खरंच दोन डिग्री जास्त.

एरवी उलटं असतं, उंचीला किलोमीटरमागं साधारण साडेसहा डिग्री कमी होतात. पण आभाळ निरभ्र, वारं पडलेलं अशा रात्री जमीन ऊब सोडून देते, तिला टेकलेली हवा आधी गारठते, शिवाय यवतेश्वर-अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची गार हवा जड म्हणून घरंगळत खोलगटात येऊन बसते. खाली गार, वर कोमट, म्हणजे खालची जड हवा वर उठेना, पातेल्यावर झाकणच की. मग बंबांचा धूर, शेकोट्या, प्लास्टिकसकट पेटवलेला कचरा, हायवेचे ट्रक, गाळपाच्या दिवसांत शिवारात पेटवलेलं पाचट, सगळं झाकणाखाली. लंडनवर 1952 च्या डिसेंबरात असंच झाकण पाच दिवस बसलं, कोळशाचा धूर कोंडला आणि हजारो माणसं गेली.

त्यात शहर स्वतःची भर घालतं. सिमेंट दिवसा तापतं आणि रात्रभर ऊब सोडतं, त्यामुळं गावात शेतापेक्षा थंडी कमी, झाकण जरा वर सरकतं पण उघडत नाही. शिवाय अरुंद रस्त्याला दोन्ही बाजूंनी पाच-सहा मजले चढवलेत, वारं गच्च्यांवरनं निघून जातं, खाली नुसतं गोल फिरतं, आणि रिक्षाचा धूर रिक्षा गेल्यावरही तिथंच. पूर्वीच्या कौलारू आळीत बसलं की वारं अंगाला लागायचं, ही तक्रार म्हाताऱ्याची समजा हवी तर.

पहाटेची हवा शुद्ध हे आम्हाला शाळेत शिकवलं, पण ते माळावरच्या पहाटेचं असावं. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा उठते, वरच्या हवेत मिसळते, नऊ-साडेनऊला गोधडी विरते. तेव्हा मी निघतो. पावसाळ्यात न् उन्हाळ्यात मात्र पाचलाच, तेव्हा या, किल्ल्याच्या दरवाज्यात असतो.