माड कुठून सुरू होतो?

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या कमिटीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला की माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं, कारण मी दिवसभर लिहितो ते कोटेशन आणि चलन, त्यापलीकडे लिहायची वेळ येत नाही. पण त्या रात्री झोप लागेना. डोळ्यासमोर सारखा विहिरीकडचा माड येत होता आणि माडाखाली उभ्या असलेल्या आपल्या भूमितीच्या बाई. नाव लिहीत नाही, लिहायची गरजच नाही, आपल्या शाळेत भूमितीच्या बाई म्हटलं की एकच चेहरा आठवतो. म्हणून हे जे काही लिहितोय ते सगळं बाईंबद्दलच होणार आहे. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये, ऋण सगळ्यांचंच आहे.

मी दहावी 1989, ब तुकडी. घर ठाण्यात लोकमान्यनगरला, बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर. घरात काटकोन बघायचा गुण्या होता, उभी रेषा बघायचा ओळंबा होता, स्टीलची फूटपट्टी होती, पण ही सगळी बाबांची हत्यारं आणि शाळेतली भूमिती यांचा काही संबंध असेल असं मला नववीपर्यंत कधी वाटलं नाही. तो जोडून दिला बाईंनी.

बाईंचा तास म्हणजे फळ्यावर पक्ष, साध्य, सिद्धता, तिन्ही शब्दांखाली रेघ. आणि एक सवय तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल, बाई मुद्दाम आकृती वाकडी काढायच्या. काटकोन त्रिकोण सांगायच्या आणि फळ्यावर काढायच्या तो ऐंशी अंशाचा, समद्विभुज म्हणायच्या आणि एक बाजू उघड उघड लांब. मग कोणीतरी उठून म्हणायचं, बाई, आकृतीत तर हे दोन कोन सारखे दिसत नाहीयेत. झालं, बाई त्याचीच वाट बघत असायच्या. "दिसतं म्हणजे सिद्ध झालं का रे? दिलेलं काय आहे ते वाच." डोळ्याला काय वाटतं आणि आपल्या हातात खात्रीचं काय आहे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या वाकड्या आकृत्यांनी आमच्या डोक्यात बसवलं. लाकडी कंपास आणि मोठा गुण्या टेबलावर असायचाच, पण सिद्धतेच्या वेळी त्याला हात लावायच्या नाहीत.

त्रिकोणमिती सुरू झाली तेव्हा वर्गात सगळ्यांना धास्ती होती, वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगून ठेवलं होतं की साइन, कॉस, टॅनचा तक्ता पाठ करावा लागतो. बाईंनी तक्ता दिलाच नाही. म्हणाल्या, समभुज त्रिकोण काढा, बाजू 2. वरून लंब टाका. आता अर्ध्या त्रिकोणात कर्ण 2, पाया 1, मग उंची किती? पायथागोरस लावा, 4 वजा 1, उंची 3 चं वर्गमूळ. खालचा कोन 60, वरचा 30. झाला तुमचा तक्ता, वाचा आता. साइन 30 म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, 1 भागिले 2. टॅन 60 म्हणजे समोरची भागिले लगतची, 3 चं वर्गमूळ, 1.732. मग एक चौरस काढायला लावला, बाजू 1, त्याचा कर्ण, त्यातून 45 अंशाचे तिन्ही. परीक्षेत विसरलात तर पेपरच्या कोपऱ्यात हे दोन त्रिकोण काढा म्हणाल्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी आजही कागदावर तेच दोन त्रिकोण काढतो.

आणि 2 च्या ऐवजी बाजू 20 घेतली तर? असं आमच्यातल्या एकीने विचारलं होतं. बाई इतक्या खूश झाल्या की तो अख्खा तास त्यावरच गेला. कोन तेच राहिले तर त्रिकोण लहान असो नाहीतर मोठा, समरूप असतो, सगळ्या बाजू एकाच पटीत वाढतात, म्हणून भागाकार बदलत नाही. साइन, कॉस, टॅन म्हणजे फक्त तो न बदलणारा भागाकार, त्या कोनाचा. एवढं एक वाक्य कळलं की त्रिकोणमितीची भीती जाते असं माझं ठाम मत आहे.

शब्दांचंही सांगायच्या. आर्यभटाने ज्याला अर्धज्या म्हटलं तीच आजची साइन, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, वर्तुळातल्या रेषेला आपण जीवा म्हणतो तेही तेच. हा शब्द अरबीत गेला तो जिबा होऊन, पुढे वाचणाऱ्यांनी तो जैब वाचला, त्याचा अर्थ कपड्याची घडी, खिसा, आणि लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने त्या घडीचंच सायनस केलं. म्हणजे दोरीचा खिसा झाला आणि खिशाचा साइन. पुस्तकात हे काही नव्हतं, पण बाईंच्या वर्गातला कुठलाही मुलगा हे विसरलेला नसेल.

आता माडाचं. जानेवारी होता, 26 जानेवारीच्या कवायतीची प्रॅक्टिस चालू होती, शाळा सुटल्यावर बाईंनी आमच्या वर्गाला थांबवलं आणि विहिरीकडे नेलं. दोन गट केले. पहिल्या गटाला एक मीटरची काठी दिली, सावलीवरून माडाची उंची काढा. दुसऱ्या गटाला, त्यात मी, कोनमापक. कोनमापकाच्या सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवलेली, मधल्या भोकातून धागा, धाग्याला नट बांधलेला, तो नट बाबांनी दिलेला म्हणून मला त्या दिवशी जरा जास्तच महत्त्व. नळीतून माडाचा शेंडा बघायचा आणि दुसऱ्याने धागा कुठल्या आकड्यावर आला ते वाचायचं. बाईंनी सांगितलं होतं, 45 वर येईपर्यंत मागेपुढे सरका, 45 ला धागा कुठल्याही बाजूने वाचला तरी 45 च, चूक व्हायची नाही, आणि टॅन 45 म्हणजे 1, म्हणजे जेवढं अंतर तेवढी उंची.

मी सरकत सरकत पाण्याच्या टाकीपर्यंत आलो. 45. टेप लावली, बुंध्यापासून माझ्या पायापर्यंत 10 मीटर 55 सेंटिमीटर. आम्ही ओरडलोच, झालं झालं म्हणून. तिकडे सावलीवाल्यांची काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि माडाची 9 मीटर 60, त्यांचं उत्तर 12 मीटर. जवळजवळ दीड मीटरचा फरक. मी खात्रीने सांगितलं की सावली सरकते, त्यांनीच मोजायला वेळ लावला, त्यांचं चुकलंय.

बाईंनी कोण बरोबर कोण चूक काहीच सांगितलं नाही. मला म्हणाल्या, "इकडे ये, बुंध्याला टेकून ताठ उभा राहा." उभा राहिलो. खिशातून खडू काढला आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत बुंध्यावर एक आडवी रेघ ओढली. मग मला बाजूला केलं, आणि बोट आधी रेघेवर ठेवलं, मग खाली मुळाशी. "माड कुठून सुरू होतो रे? तुझ्या डोळ्यापासून की जमिनीपासून?"

रेघ मोजली, 1 मीटर 40. माझे 10.55 त्यात मिळवले, 11.95. उरलेल्या 5 सेंटिमीटरबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या ते राहू दे, धागा हलतो, काठी तिरकी धरली जाते, तेवढं कुणाच्याही मोजणीत असतंच. पण दीड मीटर हे मोजणीतलं इकडेतिकडे नव्हे, ते विचारात राहून गेलेलं होतं. हा फरक त्यांनी नववीच्या मुलांना समजावला, आणि मला कारखाना चालवायला लागल्यावर कळलं की तो किती मोठा होता. ती खडूची रेघ बुंध्यावर पावसाळ्यापर्यंत होती, मी रोज येताजाता बघायचो.

पुढे आयटीआयला वेल्डरचा ट्रेड केला, सहा वर्षं दुसऱ्याकडे नोकरी केली आणि 1998 ला वागळे इस्टेटमध्येच भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं फॅब्रिकेशन सुरू केलं. जिने, शेड, ग्रिल, पोटमाळे. आज 14 माणसं आहेत, गाळा स्वतःचा आहे, बाबांनी बघितला ह्याचं समाधान आहे. आणि आमच्या धंद्यात दिवसाला दहा वेळा काटकोन त्रिकोण येतो. जिन्याचा चढ, म्हणजे पायरीची उंची, साडेसात इंच, पाय, म्हणजे पाऊल ठेवायची रुंदी, दहा इंच, तर एका पायरीचा कर्ण साडेबारा. तीन-चार-पाचचाच त्रिकोण, अडीचपट. अशा 12 पायऱ्या असतील तर उंची साडेसात फूट, जागा दहा फूट, आणि पायऱ्या धरणारा बाजूचा लोखंडी चॅनेल साडेबारा फूट, पोरं पाठ म्हणतात. शेडची आखणी काटकोनात आहे का बघायला गवंडी दोरीवर तीन फूट, चार फूट धरतो आणि समोर पाच येतात का बघतो, तो पायथागोरसच.

पहिल्याच वर्षीची गोष्ट सांगतो. एका गाळ्यात पोटमाळ्याचा जिना घेतला होता. मी उंची घेतली ती उघड्या कोब्यावरून, जिना बसवला, चॅनेलला दोन सुतांचाही, म्हणजे पाव इंचाचाही, फरक नाही, खूप आनंद झाला. नंतर तिथे लादी पडली, मसाला धरून दोन इंच. म्हणजे खालची पहिली पायरी साडेपाच इंचाची झाली आणि वरच्या सगळ्या साडेसात. माणसाचा पाय एकदा पहिल्या पायरीची सवय धरतो, दुसऱ्या पायरीवर लोक अडखळायला लागले, एक म्हातारे गृहस्थ पडता पडता वाचले. जिना काढून दुरुस्त करून परत बसवला, खर्च माझा, चूक माझीच होती. त्या रात्री गाळ्यात एकटा बसलो होतो आणि बाईंचा आवाज कानात आला, माड कुठून सुरू होतो रे.

काही महिन्यांनी बाई तलावपाळीवर भेटल्या, रिटायर झाल्या होत्या, संध्याकाळी फिरायला यायच्या. मी पाया पडलो आणि बाकावर बसून सगळं सांगितलं, माड, खडूची रेघ, जिना. बाईंना माड आठवत नव्हता. मला क्षणभर वाईट वाटलं, एवढ्या वर्षांत एवढी मुलं, त्या तरी काय काय लक्षात ठेवणार. पण जिन्याचं मात्र त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "लादी केवढ्या जाडीची होती?" मी सांगितलं. मग पर्समधून लाँड्रीची पावती काढली, तिच्या मागे पायऱ्यांची आकृती काढली, अर्थातच वाकडी, आणि म्हणाल्या, दोन इंच सगळ्या बारा पायऱ्यांत वाटता आले असते का रे, बघ बरं. समोर तलावात दिवे हलत होते आणि आम्ही दोघं भागाकार करत होतो. ती पावती माझ्याकडे आहे.

बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या.

माझी मुलगी आता नववीत आहे. क्लासमधून तक्ता मिळालाय, लॅमिनेट केलेला, तिला तो शून्यापासून नव्वदपर्यंत तोंडपाठ आहे आणि टॅन 90 च्या जागी लिहिलंय, काढता येत नाही. का येत नाही? क्लासमध्ये सांगितलं नाही म्हणाली. खरंच जीव तुटतो. मग मे महिन्यात, आपल्या ठाण्यात 16 तारखेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा तिला गाळ्यावर नेलं आणि अंगणात एक मीटरचा पाइप ओळंब्याने सरळ उभा केला. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सावली आखडत आखडत साडेबाराच्या थोडं पुढे पाइपाच्या बुडाशी गेली, नाहीशीच झाली. आमची सगळी पोरं वेल्डिंग थांबवून बघायला आली होती. मी म्हटलं, आता सूर्याचा कोन किती? नव्वद. टॅन म्हणजे पाइपाची उंची भागिले सावली. सावली किती? ती बघत राहिली आणि म्हणाली, शून्याने भागायचं कसं बाबा? मी म्हटलं, हेच ते. बाईंनी हे आम्हाला तोंडी सांगितलं होतं, शाळेला सुट्टी असायची म्हणून दाखवता आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात कमिटीच्या मीटिंगला आलो तेव्हा आधी विहिरीकडे गेलो. विहीर बुजवलीय, माड नाही, तिथे दोनचाकींचं पार्किंग आहे, पेव्हर ब्लॉक टाकलेत. शाळा मोठी झाली, जागा लागणारच, पण तो माड राहायला हवा होता असं मला वाटतं. टाकीची जागा अजून कळते, तिथे उभा राहून अंदाजाने वर बघितलं, 45 अंशात. आता तिथे नव्या इमारतीचा तिसरा मजला येतो.

समारंभाच्या स्टेजच्या पायऱ्या मी करून देतोय, शाळेकडून पैसे घेणार नाही हे आधीच सांगितलंय. स्टेज 30 इंच उंच, पायऱ्या पाच, चढ सहा इंच, पाय पूर्ण फूटभर, म्हणजे साडेसव्वीस अंशाचा सोपा चढ, सत्तरीची मंडळीही हात न धरता चढतील. परवा माप घ्यायला गेलो तर मंडपवाला म्हणाला की खाली प्लायवूड आणि वर जाजम येणार आहे. दोन्हीचा तुकडा मागून घेतला, जाडी मोजली, आणि मगच पहिली पायरी कापायला दिली.