आधी शेरा, मग गुण

सुवर्णमहोत्सवी अंकात माजी विद्यार्थ्यानं गुरुजनांचं ऋण मानावं, असा रिवाज आहे. ते ऋण शब्दांत मावणारं नाही. म्हणून आज आपल्या शाळेत वर्ग घेणाऱ्या शिक्षकांच्या कामी येईल असं काही लिहावं म्हटलं. मूल्यमापन हा माझ्या रोजच्या कामाचाच विषय आहे.

तपासलेला पेपर हाती पडला की मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि पेपर दप्तरात जातो. समासातला शेरा न वाचलेलाच राहतो. यात मुलाचा दोष नाही, कारण आकडा दिसला की काम संपल्यासारखंच वाटतं. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्याचा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, तर काहींना दोन्ही. पुढची कामगिरी सुधारली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. गुणांसोबत शेरे मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे शेरे लिहिण्याचे कष्ट शेजारच्या आकड्यानं वाया घालवले.

शेरा कसा असावा? समजा, १/२ + १/३ चं उत्तर मुलानं २/५ लिहिलं. नुसती फुली मारली तर त्याला काहीच कळत नाही. ‘छेद समान कर’ लिहिलं तर तेवढं गणित सुटेल, पण पुढच्या वेळी अंशात अंश आणि छेदात छेद पुन्हा मिळवले जातील. त्याऐवजी लिहा: ‘१/२ मोठा की २/५? मग १/२ मध्ये भर घातल्यावर उत्तर लहान कसं झालं?’ इथे मुलाला थांबून विचार करावाच लागतो. असा प्रश्न सुचण्यासाठी चूक कुठल्या समजुतीतून झाली ते ओळखावं लागतं. शिक्षकाचं खरं कसब तिथे लागतं. ‘छान’, ‘अजून प्रयत्न हवा’ हे शेरे नव्हेतच, ती अक्षरांत लिहिलेली श्रेणी झाली.

पेपर परत देताना गुण आपल्या वहीत ठेवावेत. एका पेपरवर दोनच शेरे पुरेत. पन्नास मुलांच्या प्रत्येक चुकीवर लिहू गेलं, तर पेपर परत जाईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर पोचलेला असतो. वेळ फारच कमी असेल तर चार-पाच सामाईक चुका निवडून त्यांवरचे प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि समासात फक्त प्रश्नाचा क्रमांक टाकावा. मग त्याच तासात वीस मिनिटं दुरुस्तीसाठी, वेगळ्या रंगाच्या पेनानं. ही वीस मिनिटं बहुतेक ठिकाणी ‘पोर्शन’च्या घाईत गळतात, आणि मग बाकीचं सगळं फुकट जातं. दुरुस्ती तपासून झाली की दुसऱ्या दिवशी गुण सांगावेत.

सरासरीबद्दलही सांगायला हवं. एकाच घटकाच्या चार चाचण्यांत ३०, ५०, ७०, ९० मिळवणारं मूल आणि चारही वेळा ६० मिळवणारं मूल, दोघांची सरासरी ६०. पहिल्याला तो घटक आता येतो, पण प्रगतिपुस्तक ते लपवतं. म्हणून त्या घटकापुरती अलीकडची कामगिरी धरावी. वही दिली नाही म्हणून शून्य घालणंही असंच. चारदा ९० आणि एक शून्य, की सरासरी ७२. वही न देणं ही शिस्तीची बाब आहे, तिची नोंद वेगळ्या रकान्यात असावी. आणि ५९ व ६० या दोन मुलांमध्ये श्रेणीची रेघ ओढताना १९१२ सालचा स्टार्च आणि इलियट यांचा अभ्यास आठवावा: इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेला निरनिराळ्या शिक्षकांनी ६४ पासून ९८ पर्यंत गुण दिले होते.

मग चाचण्या बंद कराव्यात का? मुळीच नाही. पुस्तक मिटून आठवायला लावलं की शिकलेलं अधिक टिकतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं विचारलं तेव्हा स्वतःची चाचणी दिलेले. तेव्हा आठवड्यातून दोनदा पाच-पाच प्रश्न घ्यावेत, त्यांतले दोन मागच्या महिन्यातल्या धड्यांवरचे. उत्तरं त्याच तासाला मुलांनीच तपासावीत. गुणांची नोंद कुठेही करू नये आणि कागद मुलांकडेच राहू द्यावा.