बिनलेबलचा डबा

"काकू, जिममधल्या दादाने दिलाय. ताकद येते म्हणे." दांडिया बाजारात भाजी घेताना शेजारची १७ वर्षांची पोर पिशवीतून डबा काढून दाखवत होती. वेटलिफ्टिंग करते. तळहाताला घट्टे, नखांत खडूची पांढरी भुकटी. डब्यावर लेबलच नाही!

मला वेटलिफ्टर संजिता चानू आठवली. २०१४ ला ग्लासगो, २०१८ ला गोल्ड कोस्ट, राष्ट्रकुलची दोन सुवर्णपदकं. २०२३ मध्ये डोपिंगसाठी, म्हणजे मनाई असलेलं द्रव्य शरीरात सापडलं म्हणून, चार वर्षांची बंदी.

नियम कडक आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, नकळत पोटात गेलं असलं तरी. मग डबा देणाऱ्या दादाला कोण विचारणार?

"कोचना दाखवलास?"

"ते म्हणतील, भाकरी खा."

भाकरीच खा गं, बाळा. डबा मी ठेवून घेतलाय.