अण्णांच्या दगडांचे पत्ते

"हा कुठला?" सरांनी विचारलं.

"अण्णांचा," मी म्हणाले.

"हो, पण अण्णांना कुठे मिळाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यातल्या एका शाळेच्या वर्गात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दगड-खनिजांची आवड असणारी वीस-पंचवीस माणसं जमतात. सर त्याच गटातले जाणकार. त्या गटात माझा तो पहिला दिवस होता. मी पिशवीतून चार दगड नेले होते, त्यांची नावं कळावीत एवढ्यासाठी. नावं पाच मिनिटांत कळली. सरांच्या त्या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मात्र सव्वा वर्ष लागलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा यारीचा धंदा होता. यारी म्हणजे विहीर खोदताना सुरुंगानंतर खालचा दगडगोटा टोपलीत भरून वर ओढणारं यंत्र. सिन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात नांदूर शिंगोटे, दोडी, निमोण, तळेगाव दिघे अशा गावांतून त्यांनी तीसेक वर्षं विहिरी खोदल्या. काळा कातळ लागला की सगळे वैतागायचे. मांजऱ्या लागला की अण्णा खूश व्हायचे, कारण तो पोकळ्यांचा खडक, पाण्याची आशा तिथे जास्त. आणि त्या पोकळ्यांत कधीकधी चमचमणारे स्फटिक निघायचे. मजूर ते ढिगाऱ्यावर टाकून द्यायचे. अण्णा एखादा निवडून, वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. अशा दोन पेट्या भरल्या.

२०२१ मध्ये अण्णा गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या पेट्या पुण्याला आणल्या आणि पहिली उघडून त्यातले अठ्ठावीस दगड सोडवले. कागद पिवळे पडले होते, कडा झिजल्या होत्या. सगळे गोळा करून रद्दीत दिले. मग दगड स्वच्छ करायला घेतले. एका ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून गुलाबीसर स्फटिकांचा एक तुकडा फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये ठेवला. बाहेर काढला तेव्हा त्याची मोत्यासारखी चमक कायमची गेली होती. एक पांढरा दगड धुऊन गच्चीवर उन्हात वाळत घातला, तर काही दिवसांत तो खडूसारखा भुसभुशीत होऊन हातात चुरला. तो बहुधा लॉमोन्टाइट असावा, असं सर नंतर म्हणाले. त्या खनिजातलं पाणी कोरड्या हवेतसुद्धा उडून जातं आणि स्फटिक ढासळतो. आता तपासायला तो उरलेला नाही, म्हणून नोंदवहीत त्याच्यापुढे मी फक्त ‘नष्ट’ असं लिहिलं आहे.

गटाचा पत्ता मला या नुकसानीनंतर लागला. त्या दिवशी सरांनी दगड हातात फिरवत सांगितलं, "ताई, दगडाचं नाव आपण केव्हाही शोधू शकतो, ते त्याच्या अंगातच असतं. गाव त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते एकदा गेलं की गेलं." मग त्यांनी विचारलं, कागदांवर काही लिहिलेलं होतं का? मला पेन्सिलीच्या पुसट रेघा आठवल्या. तो हिशेब असेल असं मला वाटलं होतं.

घरी येऊन दुसरी पेटी उघडली. छत्तीस पुड्या, सगळ्या जशाच्या तशा. पहिलीच सोडवली तर कागदाच्या कोऱ्या कडेवर अण्णांचं अक्षर होतं: ‘निमोण, ७ परस, उगवतीकडून’. परस म्हणजे पुरुषभर खोली. सात पुरुष खोल, विहिरीच्या पूर्वेच्या बाजूला. मी तो कागद मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले होते आणि जे काम प्रशिक्षित संशोधक करतात ते त्यांनी कुणी न सांगता केलं होतं. मी त्यातलं निम्मं रद्दीवाल्याला दिलं होतं.

त्यानंतर गटाने मला कामाची पद्धत शिकवली. पहिला नियम असा की पुडी सोडवण्याआधी फोटो काढायचा, कागद वेगळ्या पाकिटात ठेवायचा आणि दगडाला व कागदाला एकच क्रमांक द्यायचा. दगडाच्या खालच्या खडकाळ भागावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्यायचा, तो वाळला की बारीक टोकाच्या पेनने त्यावर आकडा लिहायचा आणि वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यायचा. स्फटिकावर काहीही लावायचं नाही. स्वच्छतेला आधी मऊ कोरडा ब्रश आणि कॅमेऱ्याची धूळ उडवणारा रबरी फुगा. दणकट तुकड्यांना साधं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. सुयांसारखे किंवा कापसासारखे स्फटिक असतील तर पाणीसुद्धा नाही. गटातल्या एकांकडे ओकेनाइट या खनिजाचा गोळा आहे, अगदी पांढऱ्याशुभ्र लोकरीचा वाटतो. त्याला कुणी बोट लावू देत नाही, कारण ते केस भिजले किंवा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत.

ओळख पटवणं हा या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग होता. सरांचा आग्रह असा की आधी हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि नाव सुचलं तरी तोंडाने काढायचं नाही. आधी आकार सांगायचा, मग चमक, मग कठिनता. लहानपणापासून ज्याला आम्ही ‘अण्णांचा हिरा’ म्हणत होतो तो लखलखीत स्फटिक मी भिंगाखाली धरला. चार बाजू, वर टोकदार मनोरा, उभ्या बाजूंवर उभ्याच बारीक रेघा. गार, म्हणजे क्वार्ट्झ, असती तर सहा बाजू आणि आडव्या रेघा दिसल्या असत्या. एका तुटलेल्या टोकाशी सपाट थर मोत्यासारखा चमकत होता, म्हणजे त्या दिशेला पाटन, म्हणजे स्फटिकाचं थराथराने फुटणं, एकदम सरळ. चाकूचं पातं न दिसणाऱ्या जागी टेकवलं तर किंचित ओरखडा उठला. गारेवर चाकू चालत नाही, एक ते दहाच्या मापात तिची कठिनता ७, याची साडेचार ते पाच. तो अपोफिलाइट निघाला. तो आपल्या खडकात नेहमी झिओलाइटांच्या, म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि पाणी असणाऱ्या खनिजांच्या, शेजारी सापडतो, पण स्वतः झिओलाइट नाही, कारण त्याच्या घडणीत ॲल्युमिनियम नसतं. हिरा नाही हे कळल्यावर मला वाईट वाटेल असं सरांना वाटलं असावं. मला उलट फार बरं वाटलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या दगडाची नीट विचारपूस केली होती.

स्टिल्बाइट आणि हुलँडाइट या दोन झिओलाइटांत माझी बराच काळ गल्लत झाली. दोन्ही फिकट गुलाबी किंवा पांढरे, दोन्हींची चमक मोत्यासारखी, दोन्हींची कठिनता साडेतीन ते चार. स्टिल्बाइट मधे बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा टोकांकडे पसरतो, हुलँडाइट शवपेटीसारखा मधे रुंद आणि टोकांना निमुळता होतो, हे दहा-बारा तुकडे शेजारी ठेवल्यावरच डोळ्यात बसलं. चाबाझाइट आणि कॅल्साइट दोन्ही तिरप्या ठोकळ्यांसारखे दिसतात. तिथे सरांनी स्वतः सौम्य आम्लाचा एक थेंब बाजूच्या चुऱ्यावर टाकला, तो फसफसला, म्हणजे कॅल्साइट.

सुयांच्या झुबक्यांवर मात्र काम अडलं. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट हे तिघं नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, खात्री करायला क्ष-किरणांची तपासणी लागते. नाशिककडचा म्हणून स्कोलेसाइट लिहून टाकू, असं मी म्हणाले. सरांनी पेन बाजूला ठेवलं. "जे कळलं तेवढंच लिहायचं," ते म्हणाले. त्या पाच दगडांच्या चिठ्ठ्यांवर आजही ‘स्कोलेसाइट / मेसोलाइट / नॅट्रोलाइट, तपासणी बाकी’ असं आहे.

झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने दिलं. तापवलं की हा दगड उकळल्यासारखा फुगतो म्हणून ‘उकळणारा दगड’ असा त्याचा ग्रीक अर्थ. आपला सह्याद्री आणि पठार म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरांवर थर. लाव्ह्यातल्या वायूंचे बुडबुडे तसेच राहिले, पुढे खडकातून मुरणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत ही खनिजं भरली. एका तुकड्यात सरांनी क्रम वाचायला शिकवला: कडेला कॅल्सेडनीचा, म्हणजे अतिबारीक कणांच्या गारेचा, पातळ निळसर थर, त्यावर स्टिल्बाइटच्या पेंढ्या, आणि त्यांच्यावर बसलेला अपोफिलाइट. जो दुसऱ्यावर बसला तो नंतर आला.

मधल्या काळात गटाबरोबर दोन सहली झाल्या. एक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाची. तिथे अण्णांच्या मुलखातून निघालेल्या खनिजांचे खोलीभर नमुने दिव्याखाली पाहताना मी आईला फोन लावून दिला आणि काय काय दिसतंय ते सांगत राहिले. दुसरी पुण्याजवळच्या वाघोलीच्या बाजूच्या एका खाणीची. मालकाची लेखी परवानगी, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, कड्याखाली उभं राहायचं नाही, फक्त फोडून टाकलेल्या ढिगातच शोधायचं. गड, लेणी आणि जंगल यांतला एक खडाही उचलायचा नाही, हा गटाचा नियम मला फार पटतो. वाघोली जगभरातल्या संग्राहकांना ठाऊक आहे ती कॅव्हन्साइटमुळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचं हे गर्द निळं खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९६७ साली सापडलं, पण त्याचे सर्वांत देखणे झुबके वाघोलीच्या खाणींतून आले. त्या दिवशी आम्हाला ते मिळालं नाही. मला हुलँडाइटचा अंगठ्याएवढा तुकडा मिळाला आणि मी तिथेच, उभ्या उभ्या, कागदावर जागा आणि तारीख लिहिली.

खरी कसोटी पहिल्या पेटीतल्या बेवारस दगडांची होती. दुसऱ्या पेटीतल्या छत्तीसपैकी एकतीस कागदांवर गाव लिहिलेलं होतं. उरलेल्या पाचांवर काहीच नव्हतं, पण वर्तमानपत्राची तारीख होती. अण्णांच्या यारीच्या हिशेबाच्या वह्या आईने जपून ठेवल्या होत्या: कोणत्या महिन्यात कोणत्या गावी किती परस खोदाई, किती रुपये. मी तारखा जुळवायला बसले. सरांनी सावध केलं की वर्तमानपत्र जुनंही असू शकतं, त्या तारखेच्या आधी पुडी बांधली नाही एवढंच त्यावरून म्हणता येतं. म्हणून त्या पाचांपुढे गाव लिहिलं, पण आधी ‘बहुधा’ लिहून.

पहिल्या पेटीतल्या राहिलेल्या सत्तावीस दगडांसाठी मी आईकडे गेले. ओट्यावर चादर पसरून एकेक तिच्या हातात दिला. तिला खनिजांची नावं माहीत नाहीत, पण कुठला दगड कोणत्या पावसाळ्यात घरी आला हे तिला आठवत होतं. "हा दोडीचा. ते पडले होते ना शिडीवरून, त्याच आठवड्यात आणलेला." "हा चिंचोली गुरवचा, त्या विहिरीला पाणीच लागलं नाही, पैसे बुडाले." नऊ दगडांचं गाव तिने ठामपणे सांगितलं, आणि त्यातल्या सातांना वहीतला आधार मिळाला. अठरांच्या बाबतीत ती मान हलवत राहिली. त्यांच्या चिठ्ठीवर ‘सिन्नर-संगमनेर परिसर, नेमकी विहीर अज्ञात’ असं लिहिलं. ते अठरा वेळा लिहिताना फार जड गेलं.

गटातल्या तरुण मुलांनी परसाचे फूट करून टाका असं सुचवलं होतं. मी केले नाहीत. परसाचं माप गावागावाला थोडं बदलतं, आणि अण्णांनी जे मोजलं तेच चिठ्ठीवर राहिलेलं बरं. सरांनाही ते पटलं.

चिठ्ठीवर एक ओळ ‘कोणाला सापडला’ अशी असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले गेले तेव्हा असेच सुंदर स्फटिक निघाले आणि त्यातले कितीतरी इंग्लंडच्या संग्रहालयांत गेले. तेव्हाच्या जुन्या चिठ्ठ्यांवर बऱ्याचदा नुसतं ‘पूना’ एवढंच असतं. घण घालणाऱ्याचं, पाटी उचलणाऱ्याचं नाव नसतं. मी प्रत्येक चिठ्ठीवर त्या ओळीत अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे ‘यारीवाले’.

मागच्या दिवाळीत चिठ्ठ्या, पाकिटं आणि नोंदवही घेऊन आईला दाखवायला गेले. ती सगळं पाहून अंगणात गेली आणि तुळशी वृंदावनाच्या पायाशी लावलेला एक दगड मला दाखवला. शेंदूर आणि हळदकुंकवाखाली स्टिल्बाइटच्या पेंढ्या होत्या. इतकी वर्षं मी त्या तुळशीला पाणी घातलं आणि मला तो कधी दिसला नव्हता.

"हा आपल्याच विहिरीचा," ती म्हणाली. "तू पोटात होतीस. पाच परसांवर पाणी लागलं, तेव्हा हा वर आला."

तो पेटीत ठेवायला ती तयार नव्हती आणि मीही आग्रह केला नाही. मागच्या बाजूला, पाणी पडणार नाही अशा जागी, पांढरा ठिपका देऊन ६५ लिहिलं. नोंदवहीत ‘सध्या कुठे ठेवला आहे’ या रकान्यात लिहिलं: आईच्या तुळशीपाशी.