जीआयएसचं डेटा मॉडेल दुसऱ्याच्या हाती देताना

जीआयएस म्हणजे जागेशी बांधलेली माहिती नकाशासह साठवणारी संगणक-प्रणाली. तिचं डेटा मॉडेल, म्हणजे कुठले तक्ते, त्यांत कुठले रकाने आणि त्यांचे आपसांतले संबंध, 'खुलं केलंय' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हाती पडते एक पीडीएफ. तीत पंचवीस-तीस चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि चौकोनांत रकान्यांची नावं. मॉडेल सुबक आहे एवढं त्यावरून कळतं, पण ते वापरता येत नाही. 'खोली' नावाचा रकाना दिसतो. ती जमिनीपासून पाइपच्या माथ्यापर्यंत मोजायची की तळापर्यंत, हे चौकोन सांगत नाही. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपला या दोन अर्थांत ३० सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि खोदणाऱ्याला तो कुदळ पाइपावर बसल्यावर कळतो.

त्यामुळे कसोटी एकच ठेवावी. मॉडेल पूर्वी न पाहिलेल्या माणसाने फायलींचा संच उघडावा, तुम्हाला एकही फोन न करता रिकामा डेटाबेस उभा करावा आणि स्वतःच्या दहा नोंदी त्यात भराव्यात. त्याला जे जे विचारावंसं वाटेल, ते ते संचात कमी आहे. खालच्या उदाहरणांसाठी पाणीपुरवठ्याचं जाळं धरलंय: पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या. रस्ते, झाडं किंवा जमिनीचा वापर असला तरी अडचणी याच येतात.

रिकामा डेटाबेस

पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाची जोड देणारं एक्स्टेन्शन) वापरत असाल तर डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारं पीजी-डम्प 'स्कीमा-ओन्ली' (फक्त तक्त्यांची रचना) पर्याय लावून चालवा, आणि जोडीला 'नो-ओनर' आणि 'नो-प्रिव्हिलेजेस' हेही लावा. हे दोन विसरले की तुमच्या सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांची नावं स्क्रिप्टमध्ये जातात आणि समोरच्याच्या मशीनवर 'असा रोल अस्तित्वात नाही' अशा चुकांची रांग लागते.

यापेक्षा फसवी गोष्ट वेगळीच आहे. स्कीमा-ओन्लीमध्ये ओळी येत नाहीत, म्हणजे कोड-याद्यांचे (कोणत्या कोडचा काय अर्थ हे सांगणारे) तक्तेही रिकामे जातात. पाइपचा तक्ता फॉरेन कीने (यादीत नसलेली किंमत नाकारणाऱ्या दुव्याने) त्या याद्यांना बांधलेला असतो, त्यामुळे समोरच्याची पहिलीच नोंद नाकारली जाते आणि मॉडेलच बिघडलेलं आहे असा त्याचा समज होतो. याद्यांचे तक्ते 'डेटा-ओन्ली' पर्यायाने वेगळे काढून द्या. स्वतःची निर्देशांक प्रणाली (जागेचं स्थान आकड्यांत सांगायची पद्धत) डेटाबेसमध्ये जोडली असेल तर तिची ओळही द्या. शिवाय डम्प एकाच स्कीमापुरता घेतला असेल तर पोस्टजीआयएस एक्स्टेन्शन तयार करणारी ओळ त्यात नसते, ती स्क्रिप्टच्या डोक्यावर हाताने लिहावी लागते.

आर्कजीआयएस या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम एक्सएमएल वर्कस्पेस डॉक्युमेंट करतं. फक्त स्कीमा निर्यात केला तरी डोमेन (चालणाऱ्या किमती), सबटाइप (उपप्रकार) आणि रिलेशनशिप क्लास (तक्त्यांमधले संबंध) सोबत येतात. निर्देशांक प्रणालीही येते, आणि एका फीचर डेटासेटमधल्या (गटातल्या) सगळ्या फीचर क्लासची (भूमिती असलेल्या तक्त्यांची) प्रणाली एकच असते. दुसऱ्या प्रदेशातल्या माणसाने डेटा भरण्याआधी ती बदलून घ्यायला हवी, हे रीडमीच्या (संचासोबतच्या 'आधी हे वाचा' फाइलच्या) पहिल्या पाच ओळींत सांगा. नाहीतर तो तुमच्याच झोनमध्ये आपले पाइप टाकत बसेल.

मूळ मॉडेल कशातही असो, सोबत एक रिकामं जिओपॅकेज द्यावंच. ते ओजीसी या भू-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे, आतून एसक्यूलाइट डेटाबेसची एकच फाइल असते, आणि उघडायला कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. त्याच्या स्कीमा एक्स्टेन्शनमध्ये प्रत्येक रकान्याला शीर्षक, वर्णन आणि बंधन जोडता येतं. बंधन तीन प्रकारचं असतं: ठरलेल्या किमतींची यादी, किमान-कमाल मर्यादा किंवा मजकुराचा नमुना. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यायला हवी. फॉर्ममध्ये 'व्हॅल्यू मॅप' लावून बनवलेली निवड-यादी थराच्या शैलीत (थर कसा दाखवायचा त्या मांडणीत) साठते, रकान्याच्या व्याख्येत साठत नाही. फाइल तेवढी पाठवली तर यादी मागेच राहते. शैली त्याच जिओपॅकेजमध्ये 'डीफॉल्ट' म्हणून साठवली तर ती सोबत जाते, पण ते फॉर्मच्या सोयीपुरतं. खरं बंधन तक्त्यातच असायला हवं.

शेपफाइल या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या नकाशा-फाइलमधून मॉडेल देऊ नका. रकान्याच्या नावाला तिथे दहाच अक्षरं मिळतात. रोमन लिपीत लिहिलेली 'इन्स्टॉलेशन डेट' आणि 'इन्स्टॉलेशन डेप्थ' पहिल्या दहा अक्षरांत तंतोतंत सारखी आहेत, त्यामुळे दुसऱ्या रकान्याला सॉफ्टवेअर स्वतःच काहीतरी आकडा चिकटवतं. ही मर्यादा खरं तर बाइटची आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे नावासाठी जेमतेम तीन चिन्हं उरतात, आणि त्यांत काना-मात्राही मोजल्या जातात. मजकुराच्या रकान्याला २५४ बाइट, म्हणजे ८४ चिन्हं. तारखेसोबत वेळ ठेवता येत नाही. अंकांच्या रकान्यात 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांतला फरक पुसला जाण्याची भीती असते. मॉडेलमध्ये ज्या गोष्टी ठरवायला सर्वाधिक चर्चा झालेली असते, त्याच इथे गळतात.

रकान्यांचा कोश

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक रकान्यासाठी डेटाबेसमधलं नाव, वाचायचं नाव, प्रकार, एकक, रिकामा चालतो की नाही, कोड-यादी आणि व्याख्या हवी. या सातांपैकी बऱ्याच गोष्टी यंत्र काढून देतं. व्याख्या माणसालाच लिहावी लागते, म्हणून तीच राहून जाते.

'व्यास: पाइपचा व्यास' ही व्याख्या नव्हे. 'नाममात्र व्यास, मिलिमीटरमध्ये, उत्पादकाने पाइपवर छापलेला. छाप दिसत नसेल तर बाहेरचा व्यास मोजून तक्ता ३ वरून ठरवलेला' ही व्याख्या. किंमत कुठून आणायची हे तिने सांगितलं, आणि आतला, बाहेरचा की नाममात्र हा वादही मिटवला. तारखेच्या रकान्याचंही असंच. पाइप टाकल्याची तारीख, त्यातून पाणी सोडल्याची तारीख आणि संगणकात नोंद केल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं 'दिनांक' लिहिलं की तीन माणसं एकाच रकान्यात तीन गोष्टी भरतात. उंची असेल तर ती कुठल्या संदर्भपातळीवरून मोजली हे लिहा. जीपीएस मुळात लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली) उंची देतो, समुद्रसपाटीवरून मोजलेली उंची वेगळी, आणि जगात काही ठिकाणी या दोहोंत शंभर मीटरपर्यंत अंतर पडतं.

रिकाम्या रकान्याचा अर्थही सांगावा लागतो. माहीत नाही, लागू नाही, माहीत आहे पण द्यायचं नाही: या तीन रिकामपणांची सरमिसळ झाली की नंतर निवडता येत नाही. युरोपीय संघाच्या इन्स्पायर या भू-माहितीच्या उपक्रमातल्या मॉडेलांमध्ये म्हणूनच 'किंमत का नाही' याच्या कारणांची वेगळी यादी ठेवली आहे. आपल्या मॉडेलमध्ये दर रकान्याला असं कारण जोडणं जड जाईल, पण पाच-सहा महत्त्वाच्या रकान्यांना जोडायला हरकत नाही. '-९९९९' किंवा '१ जानेवारी १९००' असल्या किमती मात्र भरू नका. कोणीतरी एक दिवस त्यांची सरासरी काढतोच.

व्याख्या वर्ड फाइलमध्ये लिहिल्या की महिन्याभरात डेटाबेस एकीकडे आणि फाइल दुसरीकडे जाते. पोस्टग्रेसमध्ये 'कॉमेंट ऑन कॉलम' वापरून व्याख्या रकान्यालाच चिकटवता येते आणि स्कीमाच्या डम्पमध्ये ती आपोआप जाते. मग वाचायचा कोश त्या टिपांवरूनच बनवायचा, हाताने लिहायचा नाही. आकृतीचंही तसंच करावं. मर्मेड किंवा प्लांटयूएमएलसारख्या मजकुरातून बनणाऱ्या आकृतीत कुठली रेषा बदलली ते गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) ओळीओळीने दिसतं. चित्राच्या फाइलमध्ये फक्त 'फाइल बदलली' एवढंच दिसतं.

कोड-याद्या

प्रत्येक यादी वेगळ्या सीएसव्ही फाइलमध्ये, यूटीएफ-८ मध्ये द्या: कोड, नाव, व्याख्या, स्थिती, कधीपासून आणि कधीपर्यंत. बाद झालेला कोड खोडायचा नाही, त्याची स्थिती 'निवृत्त' करायची. तो कोड पुन्हा दुसऱ्या अर्थाने कधीच वापरायचा नाही. '४ म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट' बाद करून पुढे ४ हाच पीव्हीसीला दिला, तर जुना डेटा नव्या यादीने वाचणाऱ्याला ॲस्बेस्टॉसच्या जागी प्लास्टिक दिसेल, आणि कुठलंही सॉफ्टवेअर त्याला टोकणार नाही.

यादीत 'इतर' ठेवलंच तर शेजारी शेऱ्याचा रकाना सक्तीचा करा. 'इतर' मध्ये दहातली एक नोंद जाऊ लागली की यादी अपुरी आहे असं मी धरतो.

तक्त्यात कोडच साठवा, मराठी नाव साठवू नका. याला एक अगदी लिपीचं कारण आहे. 'ॲ' हे अक्षर एकाच युनिकोड चिन्हाने लिहिता येतं आणि 'अ' ला वर चंद्र जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. गंमत म्हणजे युनिकोडचं प्रमाणीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची क्रिया) त्यांना एक करत नाही. 'ऱ' एका चिन्हाने लिहा किंवा 'र' खाली नुक्ता देऊन लिहा, तिथे प्रमाणीकरण कामाला येतं. 'ॲ' ला येत नाही. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर 'ॲस्बेस्टॉस' टाइप केलं की गटवारी करताना दोन गट निघतात. म्हणूनच रकान्यांची नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय ठेवावीत आणि मराठी नाव शीर्षक म्हणून द्यावं.

भूमितीचे नियम

यांना कोशात जागाच नसते, म्हणून ते वेगळे लिहायचे. पाइपची रेषा कुठे तुटते? प्रत्येक व्हॉल्व्हवर, फक्त जोडावर, की व्यास बदलतो तिथे? रेषेची दिशा प्रवाहाची मानायची का? टाकी कितीपेक्षा मोठी असेल तर बिंदूऐवजी बहुभुज? एका नोंदीत अनेक तुकडे चालतील का? दोन टोकं जुळली असं किती अंतरापर्यंत मानायचं? या प्रत्येक उत्तराला होकाराचं आणि नकाराचं एकेक छोटं चित्र जोडलं तर दोन पानांचा मजकूर वाचतो.

निर्देशांक प्रणाली ईपीएसजी क्रमांकाने (अशा प्रणालींच्या जागतिक यादीतल्या क्रमांकाने) द्या आणि आकड्यांचा क्रमही लिहा. ईपीएसजी ४३२६ या डब्ल्यूजीएस ८४ वर आधारलेल्या जागतिक प्रणालीच्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश आणि मग रेखांश आहे. जिओजेसन या मजकुरी नकाशा-स्वरूपाच्या २०१६ च्या आरएफसी ७९४६ या मानकात याच्या उलट, आधी रेखांश. त्या आरएफसीप्रमाणे जिओजेसन डब्ल्यूजीएस ८४ मध्येच द्यायचं असतं, त्यामुळे मॉडेल प्रक्षेपित (सपाट नकाशावर मोजणाऱ्या) प्रणालीत असेल तर जिओजेसनचा नमुना मॉडेलशी जुळत नाही, हेही सांगून टाका.

आवृत्ती आणि परवाना

तीन आकड्यांची आवृत्ती पुरते. रकाना काढला, एकक बदललं, कोडचा अर्थ बदलला, ऐच्छिक रकाना सक्तीचा केला: पहिला आकडा वाढवा. नवा ऐच्छिक रकाना किंवा नवा कोड: दुसरा. व्याख्येतलं शुद्धलेखन: तिसरा. पण व्याख्या 'स्पष्ट' करताना अर्थ सरकला असेल तर तो पहिल्या आकड्याचाच बदल आहे, मग रकान्याचं नाव तेच राहिलेलं असो. आवृत्ती फाइलच्या नावात तर असावीच, शिवाय डेटाबेसमध्येही एका ओळीच्या तक्त्यात असावी. फायलींची नावं लोक बदलतात. पहिला आकडा वाढवताना जुन्या मॉडेलमधून नव्यात नेणारी स्क्रिप्ट सोबत दिली नाही, तर लोक जुन्यावरच राहतात.

परवाना नसलेली गोष्ट दिसायला खुली असली तरी वापरायची परवानगी त्यातून मिळत नाही. मॉडेल आणि डेटा यांचे परवाने वेगळे लिहा. दस्तऐवज आणि याद्यांना सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन वापरा) किंवा सीसी-झीरो (सगळे हक्क सोडलेले), स्क्रिप्टना एमआयटीसारखा सॉफ्टवेअरचा परवाना. ओडीबीएल हा डेटाबेससाठीचा परवाना आहे. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशाचा डेटा २०१२ पासून त्याखाली आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांतल्या व्याख्या शब्दशः उचलू नका. ते दस्तऐवज विकले जातात, त्यांवर हक्क राखीव असतात. कल्पना घ्या आणि वाक्य स्वतःचं लिहा.

प्रकाशित करण्याआधी फायली झाडून घ्या. क्यूजीआयएसच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटाबेस सर्व्हरचा पत्ता असतो, कधीकधी पासवर्डही. आर्कजीआयएसच्या मेटाडेटात केलेल्या प्रक्रियांचा इतिहास राहतो आणि त्यात फोल्डरचे पूर्ण मार्ग. नमुना डेटात खऱ्या ग्राहकांची नावं नकोत. वीस ते पन्नास काल्पनिक नोंदी पुरतात, पण अवघड प्रकरणं त्यांत आवर्जून घाला: व्यास माहीत नसलेला पाइप, वापरातून काढलेला पाइप, वळून स्वतःलाच मिळणारं जाळं.

आधीचं पाहून घ्या

नवं मॉडेल रचण्याआधी त्या विषयातलं कोणी आधीच खुलं केलंय का ते बघा. शहरांच्या त्रिमितीय मॉडेलसाठी सिटीजीएमएल, जमिनीच्या हक्कांसाठी आयएसओ १९१५२, सार्वजनिक वाहतुकीसाठी जीटीएफएस. जीटीएफएस तर साध्या मजकुराच्या फायलींवर चालतं आणि तरी जगभर पसरलं, कारण प्रत्येक फाइलचा प्रत्येक रकाना एकाच पानावर समजावलेला आहे. स्वित्झर्लंडच्या इंटरलिसने वेगळी वाट धरली. तिथे मॉडेल स्वतःच एका औपचारिक भाषेत मजकूर म्हणून लिहितात, त्यावरून साधनं तक्ते तयार करतात आणि आलेला डेटा त्याच मजकुराशी ताडून पाहतात. दस्तऐवज आणि मॉडेल यांत फारकत व्हायला जागाच राहत नाही.

मानक जसंच्या तसं बसत नसेल तर जुळणीचा तक्ता द्या: आपला रकाना, त्यांचा रकाना, रूपांतर, आणि त्यात काय हरवतं. हा चौथा स्तंभ लोक रिकामा सोडतात, आणि पुढे डेटा जुळवणारा सगळ्यात आधी तोच शोधतो.

शेवटची तपासणी कोऱ्या मशीनवर करा. स्क्रिप्ट चालवा, दहा नोंदी भरा, त्यांतल्या तीन मुद्दाम चुकीच्या: नसलेला कोड, ऋण व्यास, बिंदूच्या थरात रेषा. तिन्ही नाकारल्या गेल्या पाहिजेत. एखादी आत शिरली तर तो नियम फक्त कागदावर आहे. तो तक्त्यात तरी घाला, नाहीतर कोशात 'यंत्र तपासत नाही' असं लिहा. प्रकाशनानंतर आलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर निरोपात न देता व्याख्येत घाला आणि प्रश्नकर्त्याला तिकडे पाठवा. मॉडेलची देखभाल थांबवली असेल तर रीडमीच्या पहिल्या ओळीत तसं, तारखेसह लिहा. त्याची जागा दुसऱ्या मॉडेलने घेतली असेल तर त्याचा पत्ताही तिथेच द्या.