कणीवर वाढलेलं पिल्लू

चिपळूण तालुक्यातल्या एका गावात मी पशुवैद्यक आहे. आमच्याकडे येणाऱ्या केसेस म्हणजे गाई-म्हशी, शेळ्या आणि अधूनमधून एखादा कुत्रा. गाभण तपासण्या, कासदाहाची एक म्हैस, असं सगळं उरकत आलं होतं. तेवढ्यात एक आजी आणि त्यांचा तिसरी-चौथीतला नातू बुटांचं खोकं घेऊन आत आले. जानेवारीतली सकाळ होती, बाहेर बऱ्यापैकी गारवा होता.

खोक्यात कोंबडीचं एक गुलाबी पिल्लू होतं. आठवडी बाजारात रंगवून विकतात ना, त्यातलं. रंग विटला होता आणि पंखांवर खरी पांढरी पिसं फुटली होती. त्यावरून वय दोन-अडीच आठवड्यांचं असावं, पण अंगानं ते आठवड्याच्या पिल्लाएवढंच होतं.

"काय खात नाय ओ डॉक्टर," आजी म्हणाल्या. "एक सुई मारा म्हंजे होईल बरा."

पक्षी तपासताना मी आधी हात लावत नाही. धरलं की तो घाबरतो आणि असेल-नसेल तेवढं बळ एकवटून ठणठणीत असल्यासारखा वागतो. म्हणून खोकं टेबलावर ठेवलं आणि बघत राहिलो. पिल्लाचे डोळे टवटवीत होते, मान सरळ होती, श्वासाला धाप नव्हती. पण ते पायांवर उभं नव्हतं, घोट्यांवर बसलं होतं. कणीची वाटी होती खोक्याच्या दुसऱ्या टोकाला. चार दाणे उचलून त्याच्या चोचीपुढे टाकले, तर त्यानं ते अधाशासारखे टिपले.

म्हणजे भूक शाबूत होती. पिल्लाला वाटीपर्यंत जाता येत नव्हतं, एवढंच. इथे केसची दिशाच बदलली.

मग हातात घेतलं. गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली, ती जवळजवळ रिकामी होती. छातीचं हाड बोटाला धारदार लागत होतं. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली होती, तिच्यात रक्त नव्हतं. या वयाच्या पिल्लांत रक्ती हगवण सुरू होऊ शकते, म्हणून ते आधी बघावं लागतं. दोन्ही पायांची बोटं मूठ वळल्यासारखी आत वळलेली. सूज नाही, जखम नाही, खुब्याचे सांधे जागेवर. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, म्हणावी तर मान वाकडी नव्हती आणि हिरवट हगवणही नव्हती. मरेक्स रोगातही पाय जातात, पण तो सहसा याहून मोठ्या वयात दिसतो आणि बहुतेकदा एक पाय पुढे, एक मागे असा पसरतो. इथे दोन्ही पाय सारखेच वळलेले आणि पिल्लू हुशार होतं.

"याला खायला काय देतोस रे?" मी मुलाला विचारलं.

"कणी. आणि दुधात बुडवून बिस्कीट."

"आणखी?"

त्यानं आजीकडे बघितलं. आणखी काही नव्हतं.

मला वाटत होतं ते हेच. ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, कमी पडलं की पिल्लांच्या पायांच्या नसा सुजतात, बोटं आत वळतात आणि पिल्लू घोट्यांवर चालायला लागतं. पॉलिश केलेल्या तांदळाच्या कणीत हे जीवनसत्त्व फारच थोडं असतं. दुधात ते असतं, पण बिस्कीट भिजण्यापुरत्या दुधातून मिळणार किती? शिवाय दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही. खालची घाण बहुधा त्या दुधाची आणि गारठ्याची होती.

आजींना हे पटेना. "आमच्या कोंबडीची पिल्लां कणीवरच वाढली की ओ! कोणाचा पाय वाकडा झाला नाय."

प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर त्यांच्याच परड्यात होतं. "आजी, कोंबडी पिल्लांना दिवसभर कुठं फिरवते?" उकिरड्यावर, गोठ्यामागे, भाजीच्या वाफ्यात. ती माती उकरते, किडे, वाळवी, कोवळा पाला दाखवते, शेणातलं टिपायला शिकवते. या सगळ्यातून रायबोफ्लेविन मिळतं. कणी ही वरची खिरापत. खोक्यातल्या पिल्लाला मात्र नुसती खिरापतच मिळत होती. रात्री पंखाखाली घ्यायला आई नव्हती, ते वेगळंच. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग नातवाला म्हणाल्या, "खरा हाय."

सुई दिली नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून शेपटीखालची घाण मऊ केली आणि हळूहळू काढली. वाळलेली ओढली तर कातडी सोलते. वळलेली बोटं सरळ करून चिकटपट्टीच्या तुकड्यावर बसवली. लहान मुलांचे बी-कॉम्प्लेक्सचे थेंब लिहून दिले. ते घशात ओतायचे नाहीत, चोचीच्या कडेला एकेक लावायचे. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं सरळ तिकडे जाऊ शकतं. बाटली उन्हात ठेवायची नाही, रायबोफ्लेविन उजेडानं नासतं.

वर्तमानपत्रावर पाय घसरतात, म्हणून खाली गोणपाट. खोकं मोठं आणि एका बाजूला साठचा बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ९५ अंश फॅरनहाइटच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी करत जायचं. घरात कोण मोजणार? मी मुलाला सांगितलं, पिल्लू बल्बखाली आक्रसून ओरडत असेल तर त्याला थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडी टाकत असेल तर उकडतंय. वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची.

खायला पिल्लांचं स्टार्टर खाद्य. दुकानात ५० किलोची गोण असते, पण मागितलं तर किलोभर सुटं देतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र आणू नका म्हणून बजावलं. त्यातला भरमसाट चुना पिल्लाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. स्टार्टर मिळेपर्यंत उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून द्या म्हटल्यावर आजींनी तोंडावर हात ठेवला. पण दिला त्यांनी. मुलगा बोलता बोलता पिल्लाला ओठ लावत होता, त्याला ते बंद करायला आणि हात साबणानं धुवायला सांगितलं. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

काही दिवसांनी मुलगा एकटाच आला. पिल्लू खोक्यात उभं होतं! एका पायाचं बाहेरचं बोट वाकडंच राहिलं होतं. नसेला उशिरा मदत मिळाली की तेवढं राहून जातं. पण ते वाटीकडे स्वतः चालत होतं, आणि पिशवी भरलेली होती.

"अंडी कधी देईल?" त्यानं विचारलं. बाजारातली ही रंगीत पिल्लं बहुतेक अंडी देणाऱ्या जातींचे नर असतात. अंडी ते देणार नाहीत, मांसही फार धरत नाहीत, म्हणून उबवणीतून स्वस्तात बाहेर पडतात. हे त्याला सांगितलं. त्याला काहीच वाईट वाटलं नाही.

पुढच्या खेपेला आजी शेळी घेऊन आल्या तेव्हा उरलेल्या स्टार्टरचं काय करू, घरच्या पिल्लांना घालू का, असं विचारत होत्या. कोंबडी त्यांना मोकळं फिरवतेय तोवर गरज नाही आणि उरलेलं खाद्य पावसाळ्यापर्यंत ठेवलं तर बुरशी धरेल, असं मी सांगितलं. आता आहे ते याच पिल्लाला संपवू द्या. पावसाच्या झडीत घरची पिल्लं चार-चार दिवस खुराड्यात कोंडून राहतात, तेव्हा किलोभर ताजं आणून कणीत मिसळा.